ढाक्याची गाठ, कळंबची ढेप

पाच क्विंटल कापूस जिनातून काढला की साधारण एक गाठ रुई निघते, १७० किलोची. बाकी सव्वातीन क्विंटलच्या आसपास सरकी आणि थोडी घट. इथून दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. रुईची गाठ ट्रकवर चढते आणि सौदा जुळला तर थेट बांगलादेशातल्या सूतगिरणीपर्यंत जाते. सरकी तेलाच्या गिरणीत जाते, तिथे तिचं तेल आणि ढेप होते. ती ढेप पोत्यांत भरून पुन्हा त्याच गावात येते, जिथे तो कापूस वेचला गेला होता, आणि गोठ्यातल्या बैलांच्या, गाई-म्हशींच्या पुढे पडते.

ढाक्याला गेलेल्या गाठीवर भारतातला जीएसटी शून्य असतो. गावात परत आलेल्या ढेपेवरही जीएसटी शून्य असतो. दोन्ही बिलांवर कराच्या रकान्यात एकच आकडा दिसतो. तरी गाठ खरोखर कराविना देशाबाहेर पडलेली असते, आणि ढेपेच्या किमतीत मात्र कर बसलेला असतो, फक्त तो बिलावर दिसत नाही. मूल्यवर्धित कराची पद्धत समजून घ्यायची तर हा फरक समजणं फार गरजेचं आहे, कारण ‘अमुक वस्तूवरचा कर माफ करा’ ही मागणी आपल्याकडे दर काही महिन्यांनी होते आणि माफी म्हणजे नेमकं काय मिळणार, हे मागणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

हा फरक पाहायला यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. (धाराशिव जिल्ह्यातलं कळंब वेगळं.) चिंतामणीच्या देवस्थानामुळे विदर्भभर ओळखीचं असलेलं हे तालुक्याचं गाव वर्धा-यवतमाळ रस्त्यावर आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. चहूबाजूंना कापूस, सोयाबीन आणि तूर. म्हणजे परदेशी जाणारा माल, देशात खपणारा माल आणि गावातच खपणारा माल, तिन्ही इथे एकाच शिवारातून निघतात.

अडीच हजारांवरचा कर

मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, प्रत्यक्ष कायद्यात आला तो फ्रान्समध्ये, १९५४ साली. मोरीस लोरे या कर-अधिकाऱ्याने त्याची मांडणी केली होती. त्याआधीच्या विक्रीकरात मोठी खोट होती. माल हात बदलेल तितक्या वेळा पूर्ण किमतीवर कर लागे, म्हणजे आधी भरलेल्या करावरही पुन्हा कर. लोरेंच्या पद्धतीत प्रत्येकाने आपल्या विक्रीवर कर घ्यायचा, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करायचा आणि उरलेला तेवढाच सरकारात जमा करायचा.

महाराष्ट्रात १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याची जागा १ एप्रिल २००५ पासून व्हॅटने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून व्हॅटची जागा बहुतांश मालासाठी जीएसटीने. नाव बदललं तरी गाभा तोच राहिला. खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीसाठी व्हॅटच्या काळातला ‘सेटऑफ’ हा शब्द जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. नवी मंडळी त्यालाच ‘आयटीसी’ किंवा नुसतं ‘क्रेडिट’ म्हणतात.

आता एका गाठीचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत आणि जिनचे बाकीचे खर्च सोपेपणासाठी बाजूला ठेवले आहेत. समजा, जिनवाल्याने शेतकऱ्याकडून पाच क्विंटल कापूस ३५,००० रुपयांना घेतला. शेतमाल पिकवून विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीत नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे तो कर घेत नाही. पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के कर खरेदीदाराने स्वतः भरायचा, असा नियम आहे. बाजारात याला ‘आरसीएम’ म्हणतात. हा कर आधीच्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखीनेच भरावा लागतो. म्हणजे जिनवाल्याने १,७५० रुपये भरले आणि तेवढंच क्रेडिट त्याच्या खात्यात जमा झालं.

एक गाठ रुई त्याने २७,००० रुपयांना विकली आणि सरकी १०,५०० रुपयांना. दोन्हींवर ५ टक्के, म्हणजे १,३५० अधिक ५२५, एकूण १,८७५ रुपये कर त्याने गिऱ्हाइकांकडून घेतला. त्यातून १,७५० वजा जाता सरकारला द्यायचे राहिले १२५ रुपये. जिनवाल्याने मालाच्या किमतीत घातलेली भर होती २,५०० रुपयांची, आणि २,५०० चे ५ टक्के म्हणजे १२५. त्याने नेमका स्वतःच्या भरीवर कर भरला, कमी नाही आणि जास्तही नाही.

गाठ पुढे सूतगिरणीत, विणकामात, कपड्याच्या दुकानात जाते. प्रत्येक ठिकाणी हाच खेळ. शेवटी सगळा कर दुकानातून सदरा घेणाऱ्याच्या खिशातून जातो. मधल्यांनी फक्त तो हप्त्याहप्त्याने सरकारकडे पोचवलेला असतो.

सीमेवर कर उतरवायचा

हाच सदरा घेणारा माणूस परदेशात असेल तर? उपभोग जिथे होतो तिथल्या सरकारने कर घ्यावा, हे तत्त्व जगभर मान्य झालेलं आहे. माल देशाबाहेर पडताना आपला कर पूर्ण उतरवायचा आणि तिथे पोचल्यावर तिथल्या सरकारने आपला कर लावायचा. प्रत्येक देश आपला कर मालासोबत पाठवू लागला तर दोन्हीकडचे कर एकावर एक चढतील आणि व्यापार मंदावेल. निर्यातीवरचा असा कर परत करणं हे अनुदान मानलं जाणार नाही, हे १९४७ च्या गॅट करारापासून चालत आलेलं आहे. अट एकच, जेवढा कर बसला होता त्याहून जास्त परत द्यायचा नाही.

पण कर उतरवायचा म्हणजे काय करायचं? निर्यातीच्या बिलावर कर लावला नाही म्हणजे काम झालं, असं वरवर वाटतं. ते पुरेसं नाही. जिनवाल्याने कापसावर भरलेले १,७५० रुपये त्या गाठीच्या पोटात आधीच गेलेले आहेत. ते त्याला परत मिळाले नाहीत, तर तो किमतीत धरूनच परदेशी गिऱ्हाइकाला भाव सांगेल. म्हणून विक्रीवर कर नाही आणि खरेदीवर भरलेला करही परत, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. या दुहेरी व्यवस्थेलाच शून्य दर म्हणतात. माल कराच्या साखळीतच राहतो, फक्त त्याचा दर शून्य असतो.

भारतात हा मान एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १६ ने दोनच गोष्टींना दिला आहे. एक निर्यात आणि दुसरी विशेष आर्थिक क्षेत्राला केलेला पुरवठा. नागपूरच्या मिहानमधल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपनीला तिच्या मंजूर कामासाठी कुणी माल पुरवला, तर कायद्याच्या नजरेत तो पुरवठा निर्यातीच्या पंक्तीला बसतो.

पुन्हा त्याच गाठीकडे येऊ. समजा, जिनवाल्याने ती स्वतःच बांगलादेशला पाठवली. भारतीय रुईचा हा शेजारी मोठा गिऱ्हाईक आहे. माल समुद्रमार्गे चट्टोग्रामला जातो किंवा पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून ट्रकने. निर्यातदारापुढे दोन रस्ते असतात. पहिला, वर्षाच्या सुरुवातीला ‘एलयूटी’ म्हणजे हमीपत्र भरून ठेवायचं आणि कर न लावता माल पाठवायचा. त्याची सरकी गावातच विकली गेली, तिचे ५२५ रुपये क्रेडिटमधून वळते झाले, १,२२५ रुपये शिल्लक राहिले. आता परताव्याचं सूत्र लागतं. एकूण उलाढालीत निर्यातीचा वाटा किती, तेवढ्याच वाट्याचं क्रेडिट परत मिळतं. ३७,५०० पैकी २७,००० म्हणजे ७२ टक्के, आणि १,७५० चे ७२ टक्के होतात १,२६०. पण खात्यात शिल्लक आहे १,२२५, आणि नियमाप्रमाणे दोन्हींतली कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणून परतावा १,२२५ चा. त्याने भरले होते १,७५०. सरकीच्या गिऱ्हाइकाकडून ५२५ आले, सरकारकडून १,२२५ आले. फिटंफाट.

दुसरा रस्ता म्हणजे गाठीवर ५ टक्के कर भरूनच ती पाठवायची आणि तो भरलेला कर नंतर परत घ्यायचा. इथे वेगळा अर्ज लागत नाही, कस्टमचं शिपिंग बिल हाच अर्ज मानतात. कागदावर दोन्ही रस्ते शून्यावरच पोचतात. कुणाचं क्रेडिट किती साचलं आहे आणि कुणाला रोख पैशाची नड किती आहे, त्यावर सीए सल्ला देतो.

कळंबसारख्या गावातले बहुतेक जिनवाले मात्र स्वतः निर्यात करत नाहीत, ते निर्यातदार व्यापाऱ्याला गाठी विकतात. विक्रीकर-व्हॅटच्या काळात अशा विक्रीला ‘एच फॉर्म’ मिळाला की कर लागत नसे. जीएसटी आला तेव्हा ही सोय गेली आणि व्यापाऱ्याचं भांडवल करात अडकू लागलं. मग २३ ऑक्टोबर २०१७ ला मधली वाट निघाली. निर्यातीसाठी घेतलेल्या मालावर फक्त ०.१ टक्का कर. आपल्या गाठीवर तो होतो २७ रुपये. अट अशी की बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत माल देशाबाहेर गेला पाहिजे. नाही गेला तर सवलत रद्द होते आणि पूर्ण कर मागितला जातो.

परताव्याची वाट

शून्य दराची ताकद परताव्यात आहे आणि त्याचं दुखणंही तिथेच आहे. करमाफीत सरकार फक्त कर घेत नाही. शून्य दरात सरकारला तिजोरीतून रोख रक्कम द्यावी लागते, आणि जिथे तिजोरीतून रोख मिळते तिथे खोटी बिलं घेऊन माणसं येतात. माल न हलवता कागदावर खरेदी दाखवायची, त्या खरेदीवर कधी न भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं आणि निर्यात दाखवून परतावा उचलायचा, हा प्रकार युरोपात झाला तसा आपल्याकडेही झाला. म्हणून तपासणीची इतकी कागदपत्रं मागितली जातात. शिपिंग बिलातला आकडा आणि विवरणपत्रातला आकडा जुळला पाहिजे. माल खरोखर जहाजावर चढल्याची नोंद बंदरातून आली पाहिजे. परदेशातून पैसे ठरल्या मुदतीत आले पाहिजेत, नाहीतर घेतलेला परतावा व्याजासकट परत करावा लागतो.

या सगळ्याचा भार प्रामाणिक निर्यातदारावरही पडतो. जीएसटीच्या पहिल्या वर्षात परतावे इतके तुंबले की मार्च २०१८ मध्ये सरकारला देशभर खास परतावा पंधरवडा राबवावा लागला. सप्टेंबर २०१९ पासून परताव्याचं काम पूर्ण ऑनलाइन झालं. पूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निकाल द्यायचा, उशीर झाला तर ६ टक्क्यांनी व्याज द्यायचं, आणि निर्यातीच्या दाव्यात ९० टक्के रक्कम तात्पुरती आधीच देता येते, अशी कायद्यात तरतूद आहे. लहान जिनवाल्याला या ६० दिवसांची किंमत मोठी असते. कापसाचा हंगाम काही महिन्यांचा, शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे, आरसीएमचा कर रोखीने भरायचा, आणि परतावा येईपर्यंत बँकेचं व्याज चालूच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शून्य दराने उतरतो तो फक्त जीएसटी. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, विजेवर जीएसटी नाही, बाजार समितीची फी वेगळीच. ट्रकच्या डिझेलवरचा कर, विजेवरचं शुल्क, बाजार फी हे सगळं गाठीच्या किमतीत राहतंच. असले लपलेले कर ठरावीक दराने परत करण्यासाठी १ जानेवारी २०२१ पासून केंद्राने ‘आरओडीटीईपी’ नावाची स्वतंत्र योजना निरनिराळ्या निर्यात-मालांसाठी सुरू केली, ती याच कारणाने.

कापूसपट्ट्यात २०२५ साली आणखी एक शून्य गाजलं. १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. तो विषय वेगळा. ते शुल्क बाहेरून येणाऱ्या कापसावरचं होतं, आणि त्याच्या माफीने गिरण्यांना कापूस स्वस्त झाला, शेतकऱ्याच्या भावावर दाब आला. या प्रकरणातला शून्य दर देशातून बाहेर जाणाऱ्या मालाचा आहे.

बिलावरचं दुसरं शून्य

आता सरकीच्या मागे जाऊ. तेलाच्या गिरणीने ती १०,५०० रुपयांना घेतली आणि वर ५२५ रुपये कर दिला. सरकीत तेल थोडं, वजनाच्या दहा-बारा टक्के. बाकी बहुतेक ढेपच. समजा, तेलाचे ४,५०० आले आणि ढेपेचे ७,०००. तेलावर ५ टक्के जीएसटी आहे. सरकीच्या ढेपेवर सुरुवातीला ५ टक्के होता, तो सप्टेंबर २०१७ मध्ये निरंक केला. गुरांचं खाद्य स्वस्त राहावं, हा हेतू स्पष्ट आणि चांगला होता.

पण निरंक म्हणजे शून्य दर नव्हे. जीएसटी कायद्याने निरंक दराचा माल करमुक्त मालातच धरला आहे, आणि करमुक्त मालाच्या वाट्याला येणारं क्रेडिट परत करावं लागतं. ११,५०० च्या विक्रीत ढेपेचा वाटा सुमारे ६१ टक्के. म्हणून ५२५ पैकी सुमारे ३२० रुपयांचं क्रेडिट गिरणीच्या हातून जातं. ते कुणाकडूनच परत मिळत नाही. गिरणीवाला ते खर्चात धरतो आणि ढेपेच्या भावात चढवतो.

ढेप ५ टक्क्यांत असती, तर गिऱ्हाइकाने ३५० रुपये उघड दिले असते. आता तो जवळजवळ तेवढेच, ३२० रुपये, न दिसता देतो. माफीने प्रत्यक्षात सुटले ते गिरणीने ढेपेच्या बाजूला घातलेल्या भरीवरचे थोडे रुपये. हीच ढेप निर्यात झाली असती, तर कलम १६ प्रमाणे ती करमुक्त वस्तू असूनही तिचं क्रेडिट परत मिळालं असतं. परदेशातल्या गोठ्याला कर लागत नाही. कळंबच्या गोठ्याला लागतो.

एकदा हे लक्षात आलं की बाजारातली कितीतरी बिलं वेगळी वाचता येतात. चिंतामणीच्या देवळाबाहेर कुंकू, नारळ, दूर्वा, फुलं, काचेच्या बांगड्या, सगळं करमुक्त. पेढे आणि अगरबत्तीवर ५ टक्के. देवस्थानाने दिलेला प्रसाद करमुक्त. दुर्वांची जुडी बांधावरून येते, तिच्यात कर जवळपास नसतोच. बांगडीचं तसं नाही. तिच्या काचेवर, रंगावर, खोक्यावर कर लागलेला असतो आणि बांगडी करमुक्त असल्यामुळे कारखानदाराला तो वळता करता येत नाही. माल जितका कारखान्यात बनलेला, तितका ‘करमुक्त’ या पाटीमागे लपलेला कर जास्त.

मराठी पुस्तकांचंही तेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण ज्या कागदावर ते छापतात, त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के कर आहे आणि प्रकाशकाला त्याचं क्रेडिट मिळत नाही. वाचकाच्या हातातल्या पुस्तकाच्या किमतीत तो कर आहेच. त्याच दिवशी शाळेच्या वह्या १२ टक्क्यांवरून निरंक झाल्या. तिथे जीएसटी परिषदेने एक पाऊल पुढे टाकलं आणि वह्यांसाठी वापरायचा कागदही निरंक केला. वहीवाल्याला कागदावरच्या कराचा फटका बसू नये म्हणून. त्याने अडचण एक पायरी मागे सरकली. आता कागद गिरणीला लगदा, रसायनं, यंत्रं यांवरच्या कराचं क्रेडिट त्या कागदापुरतं मिळत नाही. माफी साखळीत जितकी मागे न्यावी, तितका हा प्रश्न मागे जातो. तो संपवायचा तर परतावाच द्यावा लागतो.

पुण्याची लस, दिल्लीचं उत्तर

माफीने क्रेडिट बुडतं, हा मुद्दा देशाने दोनदा जाहीरपणे ऐकला. पहिल्यांदा २०१७ मध्ये, सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के जीएसटी लागला तेव्हा. बायकांच्या गरजेच्या वस्तूवर कर का, हा प्रश्न रास्त होता आणि देशभर विचारला गेला. अर्थमंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये खुलासा केला की कच्च्या मालावर १२ आणि १८ टक्के कर आहे. नॅपकिन निरंक केले तर देशी कारखान्यांचं क्रेडिट पूर्ण बुडेल आणि आयात माल मात्र कराविना येईल, कारण आयातीवरचा करही निरंकच होईल. वर्षभराने, २१ जुलै २०१८ च्या बैठकीत परिषदेने ते निरंक केलेच. लोकांच्या भावनेचा मान राहिला. क्रेडिटचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसऱ्यांदा मे २०२१ मध्ये. करोनाची दुसरी लाट भरात होती आणि कोविशिल्ड पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होती. लसीवर ५ टक्के जीएसटी कशाला, असं पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला विचारलं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं उत्तर होतं की पूर्ण माफी दिली तर उत्पादकाला कच्च्या मालावरचा कर वळता करता येणार नाही, तो किमतीत चढेल आणि लस घेणाऱ्याला उलट जास्त द्यावे लागतील. लसीवर ५ टक्के कायम राहिले.

त्या उत्तरात तथ्य होतं, पण ते अपुरं होतं. निरंक आणि ५ टक्के यांच्यापलीकडे तिसरा पर्यायही असतो. लसीवर कर नाही आणि उत्पादकाला क्रेडिटचा परतावा. हाच शून्य दर, देशातल्या माणसासाठी. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्येच तशी व्यवस्था निर्यातीसाठी तयार आहे. देशातल्या वस्तूंसाठी ती खुली करायची नाही, हा धोरणाचा निर्णय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला, तेव्हाही कंपन्यांचं कमिशनसारख्या खर्चांवरचं क्रेडिट गेलं आणि ते शेवटी हप्त्यात चढणार का, ही चर्चा लगेच सुरू झाली.

ब्रिटनचा पाव

देशातल्या गिऱ्हाइकाला शून्य दर देणारे देश आहेत. ब्रिटनने १ एप्रिल १९७३ ला व्हॅट लागू केला तेव्हा बहुतेक अन्नपदार्थ, पुस्तकं आणि लहान मुलांचे कपडे शून्य दरात ठेवले. तिथला गव्हाचा शेतकरी विक्रीवर कर घेत नाही, पण खत, औषध, डिझेल, ट्रॅक्टरची दुरुस्ती यांवर भरलेला २० टक्के व्हॅट विवरणपत्र भरून परत मिळवतो. अनेक शेतकरी त्यासाठी दर महिन्याला विवरणपत्र भरतात, म्हणजे पैसा अडकून राहत नाही. पावाच्या किमतीत खरोखर व्हॅट नसतो. दक्षिण आफ्रिकेनेही ब्राऊन ब्रेड, मक्याचं पीठ, डाळी, दूध, अंडी, भाज्या, दिव्याचं रॉकेल अशी गरिबांच्या घरची यादी शून्य दरात ठेवली आहे.

या व्यवस्थेची किंमतही आहे. यादीच्या काठावरच्या प्रत्येक वस्तूवर भांडण होतं. ब्रिटनमध्ये केक शून्य दरात आणि चॉकलेट लावलेलं बिस्कीट पूर्ण करात, म्हणून ‘जाफा केक’ हा केक की बिस्कीट हे १९९१ मध्ये न्यायाधिकरणाला ठरवावं लागलं. निकाल केकच्या बाजूने लागला. आपल्याकडे २०२० मध्ये कर्नाटकातल्या प्राधिकरणाने पाकीटबंद परोट्याला पोळीपासून वेगळा काढून १८ टक्के लावले. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये पोळी, पराठा सगळे एकत्र निरंक झाले. शिवाय शून्य दराचा फायदा श्रीमंतालाही मिळतो, आणि तो जास्त खर्च करतो म्हणून रुपयांत जास्तच मिळतो. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिर्लीस यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटनच्या करपद्धतीचा अभ्यास झाला. त्याचा २०११ चा अहवाल सांगतो की बहुतेक शून्य दर काढून टाका आणि आलेल्या पैशातून गरिबांना थेट भरपाई द्या. न्यूझीलंडने १९८६ मध्ये पहिल्यापासून अन्नावरही कर लावला आणि शून्य दर मुख्यतः निर्यातीपुरता ठेवला.

भारताने तिसरी वाट धरली. अन्नाला कर नाही आणि परतावाही नाही. सुटी तूरडाळ करमुक्त. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं पाकीट घेतलं तर ५ टक्के. पाकिटं विकणाऱ्या डाळमिलला क्रेडिट मिळतं, सुटी विकणारीला मिळत नाही, दोन्ही विकणारीला वर पाहिलेला वाटणीचा हिशेब दर महिन्याला करावा लागतो.

शेताच्या बांधापाशी

या सगळ्या साखळीत सर्वांत कमी बोललं जातं ते पहिल्या माणसाबद्दल. कळंबचा शेतकरी जीएसटीच्या बाहेर आहे, आणि वह्या, विवरणपत्रं, नोटिसा यांतून त्याची सुटका झाली हे चांगलंच आहे. पण करातून तो सुटलेला नाही. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, खतावर ५ टक्के, ट्रॅक्टर आणि ठिबकवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याआधी १२. हजार रुपयांचं फवारणीचं औषध घेतलं की १८० रुपये कर. बोंडअळी आली की फवारण्या वाढतात आणि त्यांच्यासोबत करही वाढतो. हा कर कुणाच्याही खात्यात क्रेडिट म्हणून उतरत नाही. जिनवाल्याला क्रेडिट मिळतं ते त्याने कापसावर भरलेल्या १,७५० रुपयांचं. कापूस पिकवताना शेतकऱ्याने भरलेला कर त्याआधीच साखळीबाहेर पडलेला असतो. ढाक्याच्या गाठीवर सगळा जीएसटी उतरला, असं आपण वर म्हटलं, ते जिनच्या फाटकापासून पुढे खरं आहे. फाटकाच्या अलीकडचा कर तिच्यात राहतोच, आणि कापसाचा भाव जागतिक बाजारात ठरत असल्याने तो शेतकऱ्याला गिऱ्हाइकावर ढकलताही येत नाही. तो त्याच्याच पदरी पडतो.

युरोपीय संघाने या अडचणीवर एक तोडगा काढलेला आहे. लहान शेतकऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. माल घेणारा नोंदणीकृत व्यापारी त्याला किमतीवर ठरावीक टक्के जास्तीचे देतो. ही रक्कम शेतकऱ्याने खत-औषधांवर भरलेल्या कराची सरासरी भरपाई असते. व्यापारी तेवढं क्रेडिट आपल्या विवरणपत्रात घेतो. शेतकऱ्याला एकही फॉर्म भरावा लागत नाही.

कळंबच्या जिनमध्ये हे बसवणं अशक्य नाही. आरसीएममुळे शेतकऱ्याकडून घेतलेल्या प्रत्येक क्विंटलची नोंद आजही ठेवावीच लागते. वजनाची पावती, शेतकऱ्याचं नाव, रक्कम, भरलेला कर, सगळं तिथे आहे. त्याच नोंदीवर शेतकऱ्याला दोन-तीन टक्के जास्त देऊन जिनवाल्याने त्याचं क्रेडिट घ्यायचं, एवढाच बदल. धोके आहेत. खोट्या शेतकऱ्यांच्या नावाने खोटी खरेदी दाखवली जाईल, म्हणून सातबारा आणि पीकपेऱ्याशी नोंद जुळवावी लागेल. तिजोरीला किती तोशीस पडेल आणि टक्का किती ठेवावा, हे खत-औषधांच्या खर्चाचा पिकवार अभ्यास करूनच ठरवावं लागेल. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला आवाज आहे आणि कापसाच्या जिल्ह्यांचा प्रश्न मांडण्याचा हक्कही. कापूस, सोयाबीन, तूर या तीन पिकांपुरता एका तालुक्यात हा प्रयोग करून पाहिला, तरी शेतमालाच्या किमतीत किती कर दडून राहतो, याचा खरा आकडा पहिल्यांदा कागदावर येईल.